परतीच्या डब्याचे वजन

इसवी सन दोन हजार त्रेचाळीस, फेब्रुवारी महिना. स्थळ: सांगली शहर, आणि त्या शहरातील कृष्णाकाठ विद्यापीठाचा ‘माहिती तंत्रज्ञान व व्यवसाय’ हा संयुक्त विभाग.

या विभागाविषयी प्रथम थोडे सांगणे अवश्य आहे. येथील विद्यार्थी सकाळी संगणकाची भाषा शिकत आणि दुपारी बाजाराची. परिणामी संगणकशास्त्राचे प्राध्यापक त्यांना दुकानदार समजत आणि वाणिज्याचे प्राध्यापक त्यांना तारा जोडणारे समजत. अन्विता बिरनाळे हिला हे दोन्ही अपमान सारखेच प्रिय होते. अभियांत्रिकीची हाती आलेली जागा नाकारून ती येथे आली होती. यंत्र कसे चालते हे ठाऊक असावे आणि ते कोणासाठी चालवायचे हे ठाऊक नसावे, ही अर्धीच विद्या होय, असे तिचे मत होते. आणि हे मत ती वर्गात, घरी व प्रसंगी रिक्षावाल्यालाही ऐकवी. तिचा प्रकल्पातील जोडीदार तौफिक मुजावर हा मिरजेचा. बोलण्यापेक्षा आज्ञावली लिहिण्यात तो अधिक रमे. तो म्हणे, “बिरनाळे, वाद घालायचे पैसे घेत जा. मग आपल्याला दुसरा धंदा काढायची गरज नाही.”

विभागाचा खरा लौकिक मात्र ‘प्रतिसांगली’मुळे होता. विभागप्रमुख डॉ. यशोधर गुळवणी यांनी दहा वर्षे खपून ती उभी केली होती. तिची रचना समजण्यास कठीण नाही. शहरातील लोक काय विकत घेतात, केव्हा घेतात, कोणत्या बसने जातात, वीज किती जाळतात, या सर्वांच्या नोंदी नावे गाळून गोळा केल्या जात. त्या नोंदींवरून संगणकात एकेक ‘छायानागरिक’ घडवला जाई. छायानागरिक म्हणजे सवयींचा एक छोटासा गठ्ठा. त्याच्यासमोर एखादा प्रसंग ठेवला, की तो आपल्या सवयींनुसार निवड करी. एकाची निवड पाहून शेजारचा आपली निवड बदलत असे. आणि असे लाखो छायानागरिक एकत्र सोडले, की कपातील चहा निवेपर्यंत त्या शहराचे एक वर्ष उलटून जाई. पाडव्याला किती श्रीखंड खपेल आणि कोणत्या रस्त्यावर छत्र्यांचे दुकान बुडेल, हे प्रतिसांगली आधी सांगे, आणि खरी सांगली मागाहून आज्ञाधारकपणे तसेच वागे.

याचा परिणाम असा झाला, की गिऱ्हाइकाला “काय हवं?” असे विचारणे हे मागासलेपणाचे लक्षण ठरले. विचारायचे कशाला? त्याची छाया आहे ना!

अन्विता आणि तौफिक यांचा प्रकल्प होता ‘परतडबा’. विश्रामबागेतील एका महिला सहकारी स्वयंपाकघराचे जेवण घरोघर पोहोचवायचे, पण प्लास्टिकच्या खोक्यांत नव्हे, तर स्टीलच्या डब्यांत. आणि रिकामे डबे परत घेऊन पुन्हा वापरायचे. प्रत्येक डब्याच्या बुडाशी एक चकती होती. डबा कोठे आहे आणि त्यात किती वजन आहे, हे ती कळवी. अन्विताची स्वतःची कल्पना याहून साधी आणि तिच्या मते याहून थोर होती. ज्या बाईने तो स्वयंपाक केला, तिचे नाव डब्यावर कोरायचे: ‘सौ. सुमन चौगुले’, ‘श्रीमती रेहाना पटवेगार’. आपल्याकडे भांड्यावर नाव घालतात तसेच, त्याच वळणाच्या अक्षरांत. प्रतिसांगलीला ही कल्पना फार पसंत पडली. नावामुळे विश्वास वाढून मागणी दुप्पट होईल आणि शंभरांतले चौऱ्याण्णव डबे तीन दिवसांच्या आत परत येतील, असा निर्वाळा तिने दिला.

मागणी खरोखरच दुप्पट झाली. डबे मात्र परत येईनात.

प्रत्यक्ष शहरातील सहा आठवड्यांच्या चाचणीपैकी तीन सरले, तेव्हा वेळेवर परत येणाऱ्या डब्यांचे प्रमाण शंभरी एकेचाळीस होते. गुळवणी सरांचा नियम सर्वश्रुत होता: व्यावसायिकाची पात्रता नफ्यावरून नव्हे, अंदाजावरून ठरते. चाचणीच्या शेवटच्या आठवड्यात अंदाज आणि वास्तव यांत दहाहून अधिक अंकांचे अंतर पडले, तर प्रकल्प अनुत्तीर्ण. आणि प्रकल्प अनुत्तीर्ण म्हणजे वर्ष गेले.

उपाय उपलब्ध होता. सेवेच्या अटींत एक कलम होते, आणि ते अन्वितानेच आग्रहाने घातले होते. डबे अडकवून ठेवणाऱ्या घरांवर ‘अविश्वासू’ अशी खूण लागायची. ती खूण शहरातील सर्व घरपोच सेवांना दिसे. मग किराण्यापासून औषधापर्यंत कोणीही त्या घरी आगाऊ पैसे घेतल्याखेरीज पाऊल टाकत नसे. प्रतिसांगलीत हे कलम लागू करताच छायानागरिक धावत डबे घेऊन आले होते. खऱ्या शहरात ते सोमवारी संध्याकाळी पाच वाजता आपोआप लागू व्हायचे होते.

रविवारी दुपारी अन्विता खोलीवर परतली. ती आवटीकाकूंच्या घरी वरच्या मजल्यावर भाड्याने राही. काकू टपाल खात्यातून निवृत्त झालेल्या. एकट्यापुरते काय रांधायचे म्हणून त्या रोज ‘परतडबा’ मागवीत. खरे म्हणजे त्या या सेवेच्या पहिल्या गिऱ्हाईक होत्या, आणि गल्लीतील निम्मी गिऱ्हाइके त्यांनीच जमवली होती. किल्ली घ्यायला म्हणून अन्विता त्यांच्या स्वयंपाकघरात डोकावली, तो ओट्यावर सात डबे एकावर एक रचलेले.

“काकू, हे आमचे डबे?”

“तुमचेच की. घासून, पुसून ठेवलेत. एकाला ओरखडा असला तर दाखव.”

“मग परत का नाही दिलेत? माणूस दारात येतो. नुसता हातात द्यायचा.”

“देणार की गं. जरा सवड होऊ दे.”

“सवड कसली लागते त्याला?” अन्विताचा स्वर नकळत वर्गातला झाला. “तीन दिवसांचा नियम आहे, काकू. तुम्हीच असं केलंत तर बाकीच्यांना मी काय सांगू? उद्या तुमच्या नावावर खूण लागेल.”

“कसली खूण?”

अन्विताने ती सांगितली.

काकूंनी हातातले फडके दोरीवर टाकले. “पस्तीस वर्षं टपालात काढली मी. एकाचं पार्सल माझ्या हातनं कधी वाट चुकलं नाही. आता म्हातारपणी डबे ढापायला लागले होय मी?”

“तसं नाही म्हणत मी...”

“तू नाही म्हणत, तुझं यंत्र म्हणतंय. एकच झालं. किल्ली तिथं खुंटीला आहे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी अन्विताच्या दारात सातही डबे ठेवलेले होते. क्षणभर तिला आनंद झाला. परतीचा आकडा तेवढाच वर सरकणार होता. तिने एकेक झाकण उघडून पाहिले. आत लख्ख, कोरडे, रिकामे. नेमके हेच तिने मागितले होते. असे असता कोणी आपल्या तोंडावर दार लावून घेतल्यासारखे का वाटावे, हे तिला उमगेना. खालून रोज येणारी “अन्विता, चहा टाकलाय” ही हाकही त्या दिवशी आली नाही. दहाच्या सुमारास चकत्यांच्या नोंदी दाखवणाऱ्या फलकावर आणखी एक नोंद उमटली: आवटी, सेवा बंद.

प्रयोगशाळेत तौफिक आधीच येऊन बसला होता.

“सात आले म्हणे,” तो म्हणाला. “मग तोंड असं का? पेढे सांगू का अब्बांना?”

“रिकामे आले.”

“रिकामेच यायला पाहिजेत. भरून कोण देणार? ही काय ओटी आहे?”

“काकूंनी सेवा बंद केली.”

“एक गिऱ्हाईक गेलं. संध्याकाळी बघ, बाकीचे कसे पळत येतात ते.” त्याने पडदा सरकवला आणि त्याला हसू फुटले. “आणि दुसऱ्याला अविश्वासू ठरवण्याआधी स्वतःचं बघा, बाईसाहेब. तुझ्या नावावर दोन आहेत. पहिल्या आठवड्यात चव बघायला मागवलेले. पाच वाजता तुलापण खूण.”

“ते मी देणारच आहे,” अन्विता फणकारली. “या रविवारी राहिलं, पुढच्या रविवारी शिरा करणार आहे, मग त्यात घालून...”

ती बोलता बोलता थांबली.

“शिरा कशाला?” तौफिक म्हणाला.

“म्हणजे... सुमनताईंचा डबा आहे तो. नाव आहे त्यांचं त्याच्यावर. रिकामा कसा द्यायचा?”

 मग तौफिक सावकाश म्हणाला, “आमच्या घरी चार आहेत. रोज अम्मीवर ओरडतोय मी. ती म्हणते, शिरकुर्मा झाला की देते.”

“आणि हे तू मला आत्ता सांगतोस?”

“त्यात काय सांगायचं? भांडं आहे, रिकामं थोडंच पाठवणार कोणी...” असे म्हणून त्याने स्वतःच कपाळावर हात मारून घेतला.

शेजारचे भांडे रिकामे परत करायचे नाही, ही रीत दोघांच्याही घरी इतकी मुरलेली होती, की ती रीत आहे हेच त्यांच्या ध्यानात नव्हते. हॉटेलचे प्लास्टिकचे खोके कोणाचेच नसते. ते फेकले काय आणि दिले काय. परंतु ‘सौ. सुमन चौगुले’ असे कोरलेला डबा सुमनताईंचा असतो, आणि त्यांच्या घरी तो रिकामा धाडणे म्हणजे त्यांच्या अन्नाची किंमत चुकती करून संबंध संपवणे. अन्विताने नाव कोरून गिऱ्हाइकांचे शेजारी केले होते, आणि मग शेजाऱ्यांना गिऱ्हाइकांचे कलम लावायला निघाली होती. काकूंनी ते अचूक ओळखले. शेजार नको असेल, तर हे घ्या रिकामे.

प्रतिसांगलीला यातले काही कळण्याची सोयच नव्हती. भिंतीवरून पलीकडे गेलेल्या वाटीची पावती होत नाही. जिची नोंद नाही अशी सवय छायानागरिकाला कोठून येणार? त्याला शेजारी होते, पण शेजार नव्हता.

“थांब,” अन्विता म्हणाली. “चकती वजन सांगते. काही डबे भरून परत आले असतील, तर वजन दिसायला हवं होतं.”

“दिसणार नाही. तू सांगितलंस तसा गाळणीचा नियम घातलाय मी. परतीच्या डब्यात वजन दिसलं तर चकतीचा दोष समजायचा आणि ती वजनाची नोंद टाकून द्यायची.”

“टाकलेल्या नोंदी आहेत कुठे?”

त्या होत्या. परत आलेल्या डब्यांपैकी निम्म्याहून अधिक ‘सदोष’ निघाले होते. दोघे तडक स्वयंपाकघरात गेले. सुमनताई चौगुले कणीक मळीत होत्या. त्यांना प्रश्नच नीट कळला नाही.

“येतं की काहीबाही,” त्या म्हणाल्या. “परवा कुणी भडंग घातलं होतं. लोकरे वहिनींनी शेंगांची चटणी पाठवली, झकास होती. बेदाणे तर किती आले!”

“अहो ताई, मग आम्हाला सांगितलं का नाहीत?”

“तुम्ही विचारलंत, डबा आला का? आला होता, हो म्हटलं. चटणी आली का, असं कुठं विचारलंत?”

परत येताना चार वाजून गेले होते. कलम थांबवायचे तर दोघांचीही संमती लागे. तौफिक खुर्चीत मागे रेलला.

“हे बघ, मी मुद्दाम विरुद्ध बाजूनं बोलतो. खूण लावली तर डबे येतील. काकूंचे सात आले, तोच पुरावा. आकडा वर जाईल, आपण पास. थांबवलं तर वर्ष गेलं. रिकामे आले तर धंद्याचं बिघडतं काय?”

“धंद्याचंच बिघडतं. ज्यांनी डबा भरून दिला, त्यांच्यातल्या एकानं तरी सेवा बंद केली आहे का, काढ.”

तौफिकने काढून पाहिले. “एकानंही नाही.”

“आणि ज्यांना आपण कडक सूचना पाठवल्या, आणि ज्यांनी मग मुकाट्यानं रिकामा दिला?”

त्याने पुन्हा पाहिले. “तिघांतला एक गेला.”

“म्हणजे उशीर करणारे आपले पक्के लोक आहेत, आणि आपण नेमकं त्यांनाच चोर ठरवणार. तौफिक, मला पास व्हायचं आहे. फार व्हायचं आहे. घरी मी काय काय बोलून आले आहे, तुला माहीत नाही. पण असला आकडा घेऊन पास झाले, तर मी शिकले काय?”

“अब्बांनी पेढ्यांची आगाऊ रक्कम दिली आहे गं,” तौफिक कळवळून म्हणाला, आणि त्याने संमतीच्या चौकटीवर अंगठा ठेवला. त्याच्यानंतर अन्विताने ठेवला. पाच वाजले. कोणालाही खूण लागली नाही.

कलमाच्या जागी त्यांनी सर्व घरांना एक निरोप पाठवला. त्यातला प्रत्येक शब्द अन्विताने तीनदा पारखला, आणि खाली कंपनीचे नव्हे, तर डब्यावरच्या बाईचे नाव घातले. “आपल्याकडे आमचा डबा आहे. तो काही पदार्थ घालूनच द्यावा असा आग्रह नाही. चिमूटभर साखर घातली, तरी डबा भरून आला असे मी समजेन. — सुमन चौगुले.”

दोन दिवसांत डब्यांचा लोंढा सुरू झाला. प्रत्येकात चिमूटभर साखर. काहींत मूठभर, कारण चिमूट ही घराघराच्या ऐपतीप्रमाणे आणि अभिमानाप्रमाणे बदलते. एका मधुमेही गृहस्थांनी साखरेऐवजी लवंगा घातल्या आणि त्यामागील वैद्यकीय कारण कळवले. तौफिकच्या अम्मीने चारही डबे एकदम पाठवले. त्यांत शिरकुर्माच होता, साखरेवर भागवणे तिला मान्य नव्हते. स्वयंपाकघराला पुढे पंधरा दिवस साखर विकत घ्यावी लागली नाही.

अन्विताने दरम्यान शिरा केला. आयुष्यातला पहिलाच. दोन डबे भरून सुमनताईंना दिले, आणि तिसऱ्यात घालून ती काकूंच्या दारात उभी राहिली.

काकूंनी झाकण उघडले, बोटावर घेऊन चाखला. “गाठी झाल्यात.”

“हो.”

“तूप मात्र हात राखून घातलेलं नाहीस. ये आत. आणि त्या खुणेचं काय झालं?”

“ती मलाच लागणार होती, काकू. माझ्याकडेही दोन डबे होते.”

काकू इतक्या हसल्या, की त्यांना ओट्याचा आधार घ्यावा लागला. “मग मला नियम शिकवत होतीस होय गं, भामटे! अगं, मी नारळाच्या वड्या करणार होते. सात डब्यांना दोन नारळ पुरतात का? म्हणून राहिले होते.” त्यांनी चहाचे आधण ठेवले आणि सेवा पुन्हा सुरू कशी करायची ते विचारले.

तोंडी परीक्षा मार्चच्या अखेरीस झाली. समोर तीन परीक्षक, मध्यभागी गुळवणी सर, आणि टेबलाच्या कडेला इतिवृत्त लिहिणारे लिपिक.

“अंदाज चौऱ्याण्णव,” गुळवणी सर म्हणाले. “सहाव्या आठवड्याचा प्रत्यक्ष आकडा अडुसष्ट. अंतर सव्वीस. कलम लागू केलं असतं तर?”

“बहुधा पास झालो असतो, सर,” अन्विता म्हणाली.

“तरी थांबवलंत. कारण सांगा. भावना नको, कारण.”

अन्विताने कारण सांगितले, आणि मग तौफिकने पडदा लावला. टाकून दिलेल्या नोंदी त्यांनी परत घेतल्या होत्या. त्यांवरून छायानागरिकांना एकच नवी सवय दिली होती: नाव असलेले भांडे रिकामे देताना वाटणारा संकोच. बाकी काही न बदलता प्रतिसांगली पहिल्या दिवसापासून पुन्हा चालवली. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी तिचा आकडा त्रेचाळीस आला. खऱ्या सांगलीचा एकेचाळीस होता. मग छायानागरिकांना साखरेचा निरोप दिला; तेथेही डब्यांचा लोंढा आला.

“म्हणजे तुम्ही संकोचाला अंक दिलात,” गुळवणी सर म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता. वादाचा मुद्दा सापडला, की त्यांचा चढे. “उद्या मायेला द्याल, परवा रुसव्याला. याला अंत आहे?”

“सर, अंक आम्ही दिला नाही. चकतीनं दिला होता. आम्ही तो दोष म्हणून पुसला होता, तो परत लिहिला.”

“आणि प्रतिसांगलीला याखेरीज आणखी काय काय ठाऊक नसेल, याची कल्पना आहे तुम्हाला?”

“नाही, सर. ती कल्पना कोणालाच नाही. तिच्यात बसून ती येणारही नाही. म्हणून माझं म्हणणं आहे, की प्रत्येक अंदाजाबरोबर काही खऱ्या दारांत जाऊन विचारावं.”

“काय विचारावं? ‘तुमच्याकडे भांडं रिकामं देतात का?’ हा प्रश्न सुचायला आधी उत्तर ठाऊक असावं लागतं!”

“प्रश्न सुचला नाही तरी चालेल, सर. चहाला बसावं. बाकीचं ते लोकच सांगतात.”

एक परीक्षक हसले आणि लगेच खोकले. गुळवणी सर हसले नाहीत. दहा वर्षांच्या त्यांच्या निर्मितीत एका गाठी झालेल्या शिऱ्याएवढे भोक पडले होते. पडद्यावरील दोन आकडे, त्रेचाळीस आणि एकेचाळीस, त्यांनी पुन्हा एकदा ताडून पाहिले. मग त्यांनी तौफिकला विचारले, “विभागातल्या बाकीच्या प्रकल्पांत दोष म्हणून गाळलेल्या नोंदी किती असतील?”

“मोजल्या नाहीत, सर. पण पुष्कळ.”

“त्या सगळ्या सोमवारपासून बाहेर काढायच्या. तुम्ही दोघं असाल. यावर वाद नको.”

“नाही, सर,” अन्विता म्हणाली. आणि तिच्या ओळखीच्या कोणीही हे शब्द तिच्या तोंडून पूर्वी ऐकले नव्हते.

लिपिकाने लेखणी वर धरून विचारले, “सर, निकालात काय लिहू?”

गुळवणी सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“लिहा. अंदाज नापास. हे दोघे पास.”